खाली बंदुकीचं भांडण

आप्पा,

मंगळवारी तुम्हाला समाधीत बसवलं. तुमच्या लोकांत गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, मांडी घालून बसवतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण तुम्हाला तसं बसलेलं पाहिलं आणि वाटलं, आता मान वर करून म्हणाल, "या गुरुजी, टेका." लातूरच्या दुकानात सळयांच्या ढिगामागे तुम्ही अगदी तसेच बसायचा. तुमच्या थोरल्यानं माझ्या हातात बेलाची पानं आणि भस्म दिलं. देताना इकडंतिकडं पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. ते तुमचं वळण. मी पानं वाहिली आणि मागे सरलो. सगळे रडत होते, मला मात्र रडू येईना. मला तुमचा राग आला होता. आपलं भांडण अर्ध्यावर होतं आणि माझ्या शेवटच्या मुद्द्याला उत्तर न देताच तुम्ही निघून गेला होता.

तसं पाहिलं तर आपली ओळखही भांडणातूनच झाली. लातूर नुकता जिल्हा झाला होता. जो तो नव्या कचेऱ्यांच्या गप्पा मारत होता आणि उस्मानाबादेहून ट्रक भरभरून जुनं सामान येत होतं. त्यातलं जे कुणालाच नको होतं ते लिलावात निघालं. आमच्या मुख्याध्यापकांनी मला अहमदपूरहून धाडलं होतं, शाळेसाठी पितळी टोल घ्यायला. नेमक्या त्याच टोलावर तुम्ही बोली लावत होता. मी वाढवली की तुम्ही वाढवायचा. शेवटी मी चिडून विचारलं, "अहो, तुम्हाला कशाला हवाय हा?"

"वितळवायला. तुमाला?"

"शाळेत वाजवायला."

तुम्ही लगेच बोली सोडली. म्हणालात, "मग घ्या बापा तुमीच. माझ्याकडं आला तर पुन्हा वाजायचा न्हाई त्यो." आणि मग त्याच लिलावात तुम्ही बंदुकांची एक मोळी घेतली. उसाची बांधतात तशी काथ्यानं बांधलेली, गंजलेली, नळ्यांना भोकं पाडून निकामी केलेली. दुसरं कुणी तिच्याकडं बघतही नव्हतं. साहेबानं तीन वार म्हणून हातोडी आपटली आणि ती भंगाराच्या भावात तुमची झाली. मी विचारलं, "हे पण वितळवणार?" तर म्हणालात, "न्हाई. हे बघत बसनार."

मला वाटलं चेष्टा करताय. पण तुम्ही खरंच बघत बसायचा. बैठकीची एक भिंत तुम्ही बंदुकांना देऊन टाकली होती. ठासणीच्या, टोप्यांच्या, दोन नळ्यांच्या, एक तर माझ्या उंचीपेक्षा लांब. उस्मानाबाद, नांदेड, बीड, जिथं म्हणून जुना माल निघेल तिथं तुम्ही एस.टी.नं जायचा आणि पोत्यात गुंडाळून एखादी घेऊन यायचा. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. "लसूण खाल्ला तरी पाप वाटतंय ह्यांना," त्या मला सांगायच्या, "मुंगी चालली तर पाय उचलून धरतेत. आन् घर बघा, दरोडेखोराचं वाटतंय." तुम्ही हसायचा आणि त्यांनाच चहा टाकायला सांगायचा.

मी नव्या घरात गेलो की चहा कशातून येतो ते आधी बघतो. ही सवय मी लावून घेतलेली नाही, ती लागलेली आहे. तुमच्या घरी पहिल्या दिवशी कपबशी आली, तुमची होती तशीच. दुसऱ्यांदा काकूंनी आतूनच विचारलं, "गुरुजीला साखर किती?" आणि मग मी कप बघायचं सोडलं. आप्पा, असं मला आयुष्यात फार थोड्या घरांत सोडता आलं.

बंदुका का जमवता, हे तुम्ही मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. रझाकारांच्या दिवसांत तुम्ही लहान होता. वडिलांच्या दुकानापुढं माणसं बंदुका घेऊन उभी राहिली, तेव्हा आईनं तुम्हाला ज्वारीच्या कणगीत बसवून वर पोतं टाकलं. कणगीच्या फटीतून तुम्हाला माणसं दिसली नाहीत, नुसत्या नळ्या दिसल्या. "तवापास्नं, गुरुजी, बंदूक दिसली की माझ्या नाकात ज्वारीची धूळ जाती," तुम्ही म्हणालात. "आता तीच बंदूक काट्यावर घालतो, वजन करून आनतो. भ्याव किलोवर मिळून राह्यलंय, मग का सोडू?" बोलताना तुम्ही हसत होता आणि हात मात्र गुडघ्यावर घट्ट दाबून धरले होते. त्या दिवशी मी तुमच्याशी वाद घातला नाही. असे दिवस कमीच.

खंडेनवमीला तुम्ही दुकानाचा तराजू आणि या सगळ्या बंदुका एका पाटावर मांडायचा. झेंडूची फुलं, हळदकुंकू, ऊस. मी म्हणायचो, "आप्पा, ज्यांना घाबरलात त्यांची पूजा?" तुम्ही म्हणायचा, "गुरुजी, पूजा केली की ती आपली हुती." तुमचं ते मत मला कधी पटलं नाही, पण तुमच्या घरच्या पुरणपोळीसाठी मी दरवर्षी येत राहिलो.

मग ती नांदेडची बंदूक आली.

लिलावाहून परतताना तुम्ही वाटेत अहमदपूरला उतरलात. यंदासारखंच ते वर्षही कोरडंच होतं. स्टँडवर टँकरमागे बाया पळत होत्या आणि तुम्ही त्या गर्दीतून पोतं खांद्यावर घेऊन आमच्या घरी आलात. ओसरीवर पोतं सोडलंत. जुनी ठासणीची बंदूक, दस्ता नळीला मिळतो तिथं पितळेची पट्टी, पट्टीवर उर्दू अक्षरं. तुमची शाळा निजामाच्या काळातली, त्यामुळं तुम्हाला उर्दू सराईत. बोट फिरवत तुम्ही वाचलंत. आधी एका देशमुखाचं नाव, मग गावाचं.

ते आमचं गाव होतं, भोकरच्या अंगाला. मी काही बोलायच्या आत माय आतून बाहेर आली. तिनं बंदुकीकडं पाहिलं, तुमच्याकडं पाहिलं, तुमच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली.

तुम्हाला स्टँडवर सोडायला आलो तेव्हा वाटेत मी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात मी नांदेडला बोर्डिंगात होतो. गावात पाणी उरलं होतं ते एका विहिरीला, आणि ती देशमुखाची. तिच्यावर त्यानं एक म्हातारा पठाण बसवला होता, हातात ही बंदूक देऊन. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन गेल्या की तो बंदूक पुढं करायचा आणि म्हणायचा, "खाली, खाली." मग बाया गावाखालच्या नाल्यात उतरायच्या, खड्डा खणून झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं भरून आणायच्या. त्या पाण्यानं वस्तीत जुलाब लागले. माझी धाकटी बहीण शेवंता त्यात गेली. मी गावी आलो तेव्हा तिचं झबलं दोरीवर वाळत होतं आणि ते काढायला कुणी धजत नव्हतं. हे सगळं मला मायनं सांगितलं होतं, तेही एकदाच, आणि मी पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

तुम्ही गाडीत चढायचं विसरलात. कंडक्टर ओरडला तेव्हा चढलात. मी खिडकीशी येऊन म्हणालो, "आप्पा, ही बंदूक भिंतीला लावू नका." तुम्ही म्हणालात, "बघू." तुमचं हे 'बघू' मला कधीच आवडलं नाही.

काही महिन्यांनी तुमचा निरोप आला, ताबडतोब या. रविवारी मी आलो. तुम्ही दुकानात बंदूक मांडीवर घेऊन बसला होता, तेलानं हात काळे, आणि चेहरा असा की जणू पोराचा मॅट्रिकचा निकाल लागलाय. नळीच्या बुडाशी जिथून ठिणगी आत जाते त्या भोकाला कान म्हणतात, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तिथं बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "गुरुजी, हिच्या कानात शिसं वतल्यालं हाय." आणि तुम्ही थांबलात. आपण कुणासमोर काय बोललो हे तुम्हाला कळलं होतं. कानात शिसं ओतायची शिक्षा जुन्या पोथ्यांत कुणासाठी लिहून ठेवली होती, ते तुम्हालाही ठाऊक होतं आणि मला तर पाठच आहे. तुमचा चेहरा इतका पडला की मलाच दया आली. मी म्हणालो, "असू द्या, एकदा तरी योग्य कानात पडलं." मग तुम्ही हसलात आणि आपण पुढं बोलू शकलो.

नळीचं भोक सरकारी होतं, ताजं. शिसं मात्र जुनं, काळं पडलेलं, आणि ती पितळी पट्टी त्या शिशाची कड झाकून ठोकलेली. म्हणजे पट्टीच्याही आधी कुणीतरी कान बुजवला होता. पट्टी निजामाच्या काळातली. "म्हंजी दुष्काळात ही बंदूक उडतच नव्हती," तुम्ही म्हणालात. "नुसतं लाकूड आन् लोखंड. पठान खाली बंदूक घेऊन हुबा व्हता."

मी म्हणालो, "असेल. काय फरक पडतो?"

"फरक पडतो. गुरुजी, त्यो पठान कोनत्या भाषेत बोलायचा?"

आणि मग तुम्ही ते सांगितलंत. दख्खनी बोलणारा माणूस 'खाली' म्हणतो तेव्हा त्याला 'रिकामं' म्हणायचं असतं. गाडी खाली हाय, पोतं खाली हाय, आपणही बाजारात असंच म्हणतो. पठाण बायांना नाल्यात खाली जा म्हणत नव्हता. तो बंदूक पुढं करून सांगत होता, ही खाली आहे, भिऊ नका. तोंडानं मोठ्यानं बोलता येत नव्हतं, म्हणून एकच शब्द बोलत होता. आणि बाया तो शब्द मराठीत ऐकत होत्या.

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मी गेली कित्येक वर्षं मराठी शिकवतो, शब्दाचे अर्थ फळ्यावर लिहितो, आणि घरातल्या एका शब्दाचा अर्थ एक लोखंडवाला मला सांगत होता. पण राग त्याचा नव्हता. राग याचा होता की तुम्ही खूश होता. तुम्हाला बरं वाटत होतं. पठाण चांगला निघाला, बंदूक निरुपद्रवी निघाली, सगळा एका शब्दाचा घोटाळा निघाला.

मी तुम्हाला म्हणालो, "आप्पा, आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. पंगतीला आम्ही खाली. नदीला गावातल्या बाया वर आणि आमच्या खाली. आम्हाला 'खाली' म्हटलं की एकच अर्थ कळतो, कारण दुसऱ्या अर्थानं आमच्याशी कुणी कधी बोललंच नव्हतं. तुम्ही याला घोटाळा म्हणता?"

तुम्ही म्हणालात, "मी कुटं घोटाळा म्हनलो. मी म्हनलो, मानूस वाईट नव्हता."

"माणूस वाईट नव्हता हे तुम्हाला हवंय, भिंतीवर लावायला."

हे मी फार लागेल असं बोललो, आणि ते तुम्हाला लागलं. दुकानात गिऱ्हाईक आलं, तुम्ही उठून त्याला खिळे मोजून दिलेत आणि परत येऊन बसलात. मग हळूच म्हणालात, "मायला इचारू का? तिला आठवत असंल त्यो कसा म्हनायचा."

मी सरळ नाही म्हणालो. आजही मला वाटतं, त्या क्षणी दुसरं काही म्हणता आलं नसतं. माय आता साठीची. बंदुकीच्या धाकानं पाणी मिळालं नाही आणि पोरगी गेली, एवढं घेऊन ती जगली होती. त्यात दोष दुसऱ्याचा होता. आता तिला जाऊन सांगायचं की बंदूक खाली होती, माणूस पाणी भरा म्हणत होता, तुम्हालाच कळलं नाही? तिनं उरलेला जन्म त्या एका शब्दापाशी बसून काढला असता. मी तुम्हाला म्हणालो, "तुमच्या भिंतीसाठी माझ्या आईला त्रास द्यायचा नाही. हा विषय माझ्या घरात काढायचा नाही." तुम्ही मान हलवलीत.

विषय घरात नाही, पण दुकानात मी काढतच राहिलो. दर भेटीला. कधी म्हणायचो, खरंच सांगायचं असतं तर पठाणानं बंदूक बाजूला ठेवली असती. कधी म्हणायचो, ज्याला खाली बंदूक घेऊन उभं राहायला चालतं, त्याला भरलेलीही चाललीच असती. आधी तुम्ही उत्तरं द्यायचा. "पोट व्हतं त्याला, गुरुजी." "बाजूला ठेवली असती तर दुसरा कुणी आला असता, भरलेली घेऊन." मग पोळ्याच्या सुमारास तुमची उत्तरं बंद झाली. मी बोलायचो आणि तुम्ही सळयांकडं बघत बसायचा. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय झालं व तुमच्या दोघांत? जेवन बी धड करंना गेलेत." मी म्हणालो, काही नाही, वाद आहे एक.

त्या खंडेनवमीला पाटावर ती बंदूक नव्हती. बाकीच्या होत्या, तराजू होता. मी विचारलं, "नांदेडवाली कुठंय?" तुम्ही म्हणालात, "हाय आत." पुरणपोळीवर तूप वाढून घेताना मला बरं वाटलं. मला वाटलं, चला, म्हातारा हरला. तोंडानं कबूल करत नाही, पण हरला.

मग तुमचं पोटाचं दुखणं. नांदेडच्या दवाखान्यात मी शनिवारी दुपारी आलो, शाळा सुटल्यावर. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होता. माझा आवाज ऐकून वळलात. दुष्काळाचं विचारलंत, अहमदपूरला टँकर किती दिवसाआड येतो, मायला रांगेत उभं राहावं लागतं का. मी म्हणालो, मी भरतो, तुम्ही काळजी करू नका. मी निघालो तेव्हा तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "गुरुजी, तुमचंच बरुबर हाय."

मी विचारलं, "कशाबद्दल?"

"त्येच आपलं. तुमचंच बरुबर." आणि डोळे मिटून घेतलेत.

खरं सांगायचं तर त्यातही मला थोडं समाधान वाटलं होतं, आणि त्याहून जास्त चीड. असं दुखण्यात माघार घेतलेली मला नको होती. तुम्ही बरे व्हावं, दुकानात बसावं आणि मुद्देसूद हरावं, अशी माझी इच्छा होती. परतीच्या गाडीत मी नवीन मुद्दे जुळवत होतो, तुम्ही माघार घेतलीत तरी.

मंगळवारी तुम्हाला बसवून घरी आलो. काकूंनी सांगितलं होतं, पोलीस येऊन बंदुका तपासून नेणार आहेत, भिंत मोकळी होईल. मला त्याचंही काही वाटलं नाही. माय दारात रिकाम्या घागरी मांडून टँकरची वाट बघत बसली होती. तिनं मला अंघोळ करायला लावली, पुढ्यात भाकरी ठेवली. मी खाईना म्हणून तिनं विचारलं, "आप्पाचं वाईट वाटून राह्यलंय?"

मी म्हणालो, "वाईट वाटतंच. पण माये, आमचं एक भांडण राहून गेलं."

माय घागरींकडं बघत होती. म्हणाली, "भांडान कुटं ऱ्हायलं? ते तर मिटल्यालं."

मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी बोलतेय. पण ती पुढं बोलत राहिली. "आप्पा आल्ते की घरी. पोळ्याच्या आधी. तू साळंत व्हतास. इथंच बसले. म्हनले, माय, यक इचारू का, गुरुजीनं मला इचारू नको म्हनलंय पर मला झोप न्हाई. मी म्हनलं, इचारा. मग बंदूक खाली व्हती, शिसं व्हतं, त्यो शबूद, समदं सांगितलं. त्यांला वाटलं मी रडंन. मी म्हनलं, आप्पा, बंदूक खाली हाय हे आमाला पयल्याच दिशी ठाव झाल्तं."

आप्पा, मी ताट बाजूला सारलं.

"पठान लई म्हातारा. त्यालाच धड खायला नव्हतं," माय म्हणाली. "गावाकडं त्वांड करून हुबा ऱ्हायाचा आन् हळूच म्हनायचा, खाली है माँ, भर लो. आमाला काय त्याची बोली कळत नव्हती व्हय? समद्या बाजाराला जानाऱ्या बाया."

मला सांगितलेल्या गोष्टीत 'भर लो' नव्हतं. तिनं मला एवढंच सांगितलं होतं, पठाण खाली म्हणायचा आणि आम्ही खाली नाल्यावर जायचो. दोन्ही खरंच होतं. एकामुळं दुसरं, हे मी जोडलं होतं. आणि त्यावर तुमच्याशी इतके दिवस भांडलो होतो.

मी विचारलं, "मग भरली का नाहीस?"

ती चिडली नाही. भाजी निवडताना बोलावं तशी बोलली. "कोंडाबाईनं भरली व्हती यक घागर. पठानानं दोर बी धरला तिचा. दुसऱ्या दिशी खडी फोडायच्या कामावर तिच्या घरच्यांचं नाव कुनी घेतलं न्हाई. तिसऱ्या दिशी बी न्हाई. हजेरी घेनारा मुकादम कुनाचा व्हता? देशमुखाचाच. त्या कामावरच वस्ती जगत व्हती, खायाला सुकडी तितंच मिळायची. कोंडाबाईची मानसं पाया पडून आली तवा कुटं नाव लागलं. ते बघून आमी नाल्यात उतरलो. बंदूक खाली व्हती रं. गाव कुटं खाली व्हतं?"

बाहेर टँकरचा आवाज आला असं कुणीतरी ओरडलं, पण तो दुसराच ट्रक होता. माय उठायला लागली ती पुन्हा बसली.

"नाल्याचं पानी बी पानीच वाटलं तवा," ती म्हणाली. "पोरगी जाईल असं कुनाला ठावं. पर मी कळून-उमजून गेले व्हते तितं. भरलेली हीर आन् खाली बंदूक माझ्या म्होरं व्हती."

"माये, हे मला का नाही सांगितलंस?"

"तू शिकल्याला. तुला वाटत व्हतं, बंदुकीच्या भ्यानं झालं. मग आप्पानं शबूद काडला, तर तुला वाटलं आमाला कळलं न्हाई म्हून झालं. दोन्ही बरं व्हतं तुला. मी आप्पाला म्हनलं, माझ्या पोराला ह्ये सांगायचं न्हाई. त्यांनी मान हालवली. मला त्या मान हालवन्याचा भरोसा न्हाई, म्हून त्यांच्या गळ्यातल्या लिंगाची आन घातली." मग म्हणाली, "जाताना इचारलं त्यांनी, त्या बंदुकीचं काय करू. मी म्हनलं, करा काय बी. पुजू नका म्हंजी झालं."

आप्पा, पोळ्यापासून तुम्ही गप्प होता ते हरला म्हणून नव्हे. मी तुमच्यासमोर बसून पठाणाला शिव्या देत होतो, आयांबायांना शब्द कळला नाही म्हणून कळवळत होतो, आमच्या लोकांना एकच अर्थ का कळतो यावर भाषणं देत होतो, आणि तुम्हाला माहीत होतं की त्यातलं काहीही झालं नव्हतं. तुमचा पठाण तुम्ही म्हणत होता तसाच निघाला होता. तुम्ही वाद जिंकला होता, एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. तुम्ही त्याऐवजी सळयांकडं बघत बसलात. जेवण सोडलंत. आणि दवाखान्यात, गळ्यात लिंग आणि त्याची शपथ घेऊन पडलेले असताना, माझ्या आईनं जे झाकून ठेवलं होतं ते झाकलेलंच राहावं म्हणून मला म्हणालात, तुमचंच बरोबर.

मी त्याला माघार समजलो. गाडीत बसून मुद्दे जुळवत आलो.

तुमच्यावरचा राग आता उरलेला नाही, पण त्याच्या जागी जे आलंय ते रागापेक्षा सोपं नाही. मी कुणावर रागावू? पठाणावर राग राहिला नाही. बंदुकीवर रागावण्यात तर कधीच अर्थ नव्हता. मायवर रागवायची माझी छाती नाही. देशमुखावर रागावायचं तर तो कधीच मेला, आणि ज्यांनी हजेरी घेतली ती माणसं आजही गावात राम राम घालतात. मी एवढं शिकलो, शब्दांची फोड करायला शिकलो, आणि माझ्या बहिणीचं मरण एका शब्दाच्या फोडीत बसवून मोकळा झालो होतो. तुम्ही मला त्यातून बाहेर काढलं नाहीत. का काढलं नाहीत हे मला कळतं, तरी कधीकधी वाटतं, शपथ मोडली असतीत तर बरं झालं असतं. लगेच वाटतं, नाही, बरं झालं नसतं. दिवसभर असं चाललंय.

काल वर्गात शिकवत होतो. एका पोरानं वाक्य वाचलं, त्यात 'खाली' होतं, मी अर्थ विचारायला तोंड उघडलं आणि विचारला नाही. पुढचं वाक्य वाच म्हणालो.

त्या मंगळवारी टँकर शेवटी संध्याकाळी आला होता. मी घागरी भरून ठेवल्या. माय म्हणाली, आप्पाच्या घरी दहाव्याला जाऊ, मी बी येते, काकूला भेटते. मी हो म्हणालो. तिथं ती काकूंशी काय बोलेल, मला ठाऊक नाही. काकूंना तुम्ही काही सांगितलं नसणार, तेवढं मी तुम्हाला ओळखतो. म्हणजे हे तुम्हाला, मायला आणि आता मला ठाऊक आहे. मायशी मी पुन्हा बोलू शकत नाही. आणि आप्पा, ज्याच्याशी बोलता आलं असतं, त्याला मीच माझ्या हातानं बेल वाहून आलो.